जुळी, माहेर आणि अर्धी फाईल: एका गरोदरपणाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

सविता (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत) २६ वर्षांची, पहिलटकरीण. नवरा चाकणच्या एका कारखान्यात, बिऱ्हाड तिथेच. माहेर मराठवाड्यात, तालुक्याच्या गावापासून अकरा किलोमीटरवर. लग्नानंतर तीन वर्षं दिवस राहिले नाहीत म्हणून पुण्यात उपचार सुरू केले. स्त्रीबीज तयार होण्याच्या गोळ्या चालू असतानाच दिवस राहिले आणि आठव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत दोन ठोके दिसले. या गोळ्यांवर जुळं राहण्याची शक्यता वाढते, हे तिला आधी सांगितलेलं होतं. घरच्यांना मात्र ते देवाचं देणं वाटलं आणि त्यात वाद घालण्यासारखं काही नव्हतं.

पुण्यातली सुरुवात चांगली होती. बाराव्या आठवड्यात सोनोग्राफी झाली, रक्ताच्या तपासण्या झाल्या, बीपी १०४/६६. पहिलं बाळंतपण आणि त्यातही जुळी, म्हणून तेराव्या आठवड्यापासून रात्री ॲस्पिरिनची छोटी गोळी सुरू केली. जुळ्यांच्या गरोदरपणात बीपी वाढण्याचा धोका एका बाळाच्या मानाने दोन-तीन पट असतो. ही गोळी तो धोका पूर्ण घालवत नाही, पण सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू केली तर कमी करते.

बावीसाव्या आठवड्यात ती दिवाळीला सासरी गेली. गोळ्यांचं पाकीट तिथे संपलं. गावातल्या मेडिकलवाल्याने पाकीट बघून विचारलं, "ही तर रक्त पातळ करायची गोळी, पोटुशी बाई कशाला घेते?" सासूबाई घाबरल्या, गोळी बंद झाली. चाकणला परतल्यावर कुणी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही.

डोहाळजेवण झालं आणि तिसाव्या आठवड्यात ती माहेरी आली. पहिलं बाळंतपण माहेरी हा आपल्याकडचा रिवाज. एकच बाळ असेल तर या मुक्कामात सहसा फारसं बिघडत नाही. पण जुळ्यांची खरी देखरेख सुरू होते ती याच सुमारास. नेमक्या त्याच वेळी डॉक्टर बदलतो, दवाखाना बदलतो आणि कागदांची फाईल एसटीच्या पिशवीत निम्मीच येते. सविताबरोबर शेवटच्या दोन भेटींची चिठ्ठी आणि पाचव्या महिन्याचा सोनोग्राफी रिपोर्ट एवढंच आलं होतं.

अडचण पहिली: वार एक की दोन?

३१ आठवडे आणि २ दिवसांना ती आमच्या उपजिल्हा रुग्णालयात आली, महिन्याच्या ९ तारखेला. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची ओपीडी त्या दिवशी असते, म्हणून आशाताईंनी तिला मुद्दाम त्या दिवशी आणलं. बीपी १३०/८६. लघवीत प्रथिनं नाहीत. हिमोग्लोबिन ९.६. दोन्ही पायांना घोट्याच्या वरपर्यंत सूज. दुसऱ्या दिवशीच्या सोनोग्राफीत पहिल्या बाळाचं अंदाजे वजन १६२० ग्रॅम, दुसऱ्याचं १२६०. म्हणजे मोठ्या बाळाच्या तुलनेत धाकटं २२ टक्क्यांनी मागे.

वीस टक्क्यांपुढचा फरक दिसला की पहिला प्रश्न येतो तो वारेचा, म्हणजे प्लासेंटाचा. दोन बाळांच्या दोन स्वतंत्र वारा असतील, तर एक बाळ मागे पडणं हा त्या बाळापुरता आणि त्याच्या वारेपुरता प्रश्न. एकच वार दोघांत वाटलेली असेल, तर दोघांच्या रक्तवाहिन्या आत कुठेतरी जोडलेल्या असतात. एकाचं रक्त दुसऱ्याकडे वाहू शकतं आणि एक दगावलं तर दुसऱ्याच्या मेंदूलाही इजा होऊ शकते. अशा जुळ्यांची सोनोग्राफी सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी करायची असते आणि बाळंतपणही लवकर, साधारण ३६ व्या आठवड्यात उरकायचं असतं. वारा दोन असतील आणि बाकी सगळं ठीक असेल तर ३७ पूर्ण होईपर्यंत थांबता येतं.

हे ओळखायची चांगली वेळ अकरा ते चौदा आठवडे. दोन बाळांमधला पडदा वारेला जिथे मिळतो तिथे वारेचा त्रिकोणी कोंब पडद्यात शिरलेला दिसला (सोनोग्राफीवाले त्याला लॅम्डा साइन म्हणतात) तर वारा दोन. पडदा काटकोनात सरळ टेकलेला दिसला तर वार एक. पुढे पुढे ही खूण पुसट होत जाते. एकतिसाव्या आठवड्यात आमच्या सोनोग्राफीत एकसंध दिसणारी वार आणि पातळ पडदा एवढंच दिसलं. दोन शेजारच्या वारा चिकटून एक झाल्या की अशाच दिसतात, त्यामुळे त्यावरून काहीच ठरत नाही. बाळं वेगवेगळ्या लिंगाची असतील तर वारा दोन हे जवळपास नक्की धरता येतं. पण आपल्या कायद्याने गर्भाचं लिंग सांगता येत नाही की सूचित करता येत नाही, आणि रिपोर्टवर अचानक 'वारा नक्की दोन' असं उमटलं तर तेही न बोलता सांगणंच झालं असतं. तो रस्ता बंद होता आणि तो बंदच असायला हवा.

पर्याय दोन. एक, वार एकच आहे असं धरून त्याच आठवड्यात मोठ्या केंद्रात पाठवायचं. दुसरा, बाराव्या आठवड्याचा रिपोर्ट शोधायचा. तिने चाकणला जावेला फोन लावला. जावेने कपाटातून फाईल काढून पानापानाचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवले. तिसऱ्या फोटोत पुण्याच्या रेडिओलॉजिस्टचं वाक्य होतं: लॅम्डा साइन दिसते, दोन वारा. पाचव्या फोटोत ॲस्पिरिनची चिठ्ठी होती. गोळी नऊ आठवडे बंद आहे हे आम्हाला तेव्हा कळलं.

वारा दोन, नाळेतला रक्तप्रवाह दोन्हीकडे नॉर्मल, दोन्ही पाणपिशव्यांत पाणी पुरेसं. म्हणून मोठ्या केंद्रात पाठवणं टाळलं. ॲस्पिरिन पुन्हा सुरू केली, मधल्या नऊ आठवड्यांची भरपाई होत नाही हे माहीत असूनही. रक्तवाढीसाठी शिरेतून लोह दिलं. बीपी आठवड्यातून दोनदा गावातल्या उपकेंद्रात बघायचं आणि पंधरा दिवसांनी पुन्हा सोनोग्राफी करायची, असं ठरलं.

अडचण दुसरी: रात्रीचं पोटदुखणं

त्यानंतरच्या दोन आठवड्यांत उपकेंद्रात बीपी एकदाच पाहिलं गेलं: १३४/८८. सूज वाढत होती. शेजारपाजारच्या बायका सांगत होत्या, जुळी म्हटल्यावर सूज यायचीच. हे काही अंशी खरंही आहे, त्यामुळेच ते फसवं.

३३ आठवडे ४ दिवस. रात्री दोनच्या सुमारास तिला छातीखाली, बरगड्यांच्या मधोमध आणि थोडं उजवीकडे दुखायला लागलं. दोनदा उलटी. आई म्हणाली, पित्त झालं असेल. संध्याकाळी मिरचीचा ठेचा खाल्ला होता. थंड दूध दिलं, पित्ताची गोळी दिली. थोडं कमी झाल्यासारखं वाटलं. सकाळी डोकं जड झालं.

आशाताई सव्वाआठला वेगळ्याच कामासाठी वस्तीवर आल्या होत्या. पोटदुखीचं ऐकून त्यांनी एकच विचारलं, "खाली दुखतं का वर?" वर, म्हटल्यावर त्या तिला चहा संपवायलाही न थांबता आपल्या स्कूटीवरून उपकेंद्रात घेऊन आल्या. तिथे समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांनी बीपी पाहिलं: १५६/१०४. पंधरा मिनिटांनी पुन्हा, तेवढंच. लघवीची पट्टी गडद हिरवी, प्रथिनं तीन प्लस. गाडी बोलावली. दहा वाजून पाच मिनिटांनी ती आमच्या लेबर रूममध्ये होती.

आमच्याकडे बीपी १६८/११२. डोकं दुखतंय, नजर स्वच्छ. गुडघ्याची प्रतिक्रिया जास्तच जोरदार. दोन्ही ठोके चांगले. पहिलं बाळ डोक्याकडून, दुसरं आडवं. गर्भपिशवीचं तोंड बंद. वीस मिनिटांत रक्ताचा रिपोर्ट आला: प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) ९२ हजार. यकृताचं एन्झाइम एएसटी १४८, म्हणजे नॉर्मलच्या तिपटीहून अधिक. तिसऱ्या महिन्यात तिच्या प्लेटलेट दोन लाख दहा हजार होत्या.

हा हेल्प सिंड्रोम, गरोदरपणातल्या बीपीच्या आजाराचं गंभीर रूप: तांबड्या पेशी फुटतात, यकृताला सूज येते, प्लेटलेट घसरतात. वरच्या पोटातलं दुखणं यकृताचं असतं. काही बायांमध्ये हा आजार बीपी फारसं न वाढताही येतो, तेव्हा तर पित्त म्हणून घालवायला वाव आणखीच असतो.

पर्याय

बाळंतपण करणं हाच उपाय, त्याबद्दल दुमत नव्हतं. कुठे आणि किती वेळात, एवढंच ठरवायचं होतं.

थांबण्याचा विचार एकाच कारणाने आला. बाळांच्या फुप्फुसांसाठी स्टिरॉइडची चार इंजेक्शनं बारा-बारा तासांनी द्यायची असतात आणि पूर्ण फायदा मिळायला एक-दोन दिवस लागतात. पण हेल्पमध्ये आई तेवढा वेळ देईलच असं नाही. प्लेटलेट काही तासांत निम्म्यावर येऊ शकतात. पहिला डोस द्यायचा आणि उरलेल्यांसाठी बाळंतपण अडवून धरायचं नाही, असं ठरलं.

आमच्याकडेच सिझर करायचं? भूलतज्ज्ञ ऑन-कॉल होते, तासाभरात आले असते. रक्तसाठवण केंद्रात तिच्या गटाच्या दोन पिशव्या होत्या, प्लेटलेट नव्हत्या. जुळ्यांची पिशवी ताणलेली असते, बाळंतपणानंतर ती आकसायला कुचराई करते आणि रक्तस्राव होतो. प्लेटलेट कमी असताना ते आणखी अवघड. नवजात बाळांना स्थिर करायची सोय होती, पण दीड किलोच्या आतबाहेरच्या बाळाला दोन-तीन आठवडे सांभाळणारा विशेष नवजात कक्ष आमच्याकडे नाही.

वैद्यकीय महाविद्यालय ६५ किलोमीटरवर, रस्त्याने पावणेदोन तास. तिथे सगळं. धोका प्रवासाचा.

चौथा पर्याय घरच्यांकडून आला. वडील म्हणाले, "मॅडम, गाडी करतो, थेट पुण्याला नेतो. तिची सगळी फाईल तिथली हाय." नवरा फोनवर होता, त्याचंही तेच मत. पुणे किमान सहा तास. वडिलांना म्हटलं, "आप्पा, वाटेत भिगवणजवळ फिटचा झटका आला तर गाडीत कोण असेल?" ते गप्प बसले. फोनवरून नवऱ्याने विचारलं, वैद्यकीय महाविद्यालयात बाळांसाठी काचेची पेटी रिकामी आहे का? हा प्रश्न अगदी रास्त होता. त्याच्यासमोरच स्पीकरवर तिथल्या प्रसूती विभागाला फोन लावला. त्यांनी बालरोग विभागाला विचारून दोन जागा राखून ठेवल्याचं सांगितलं. मग तो म्हणाला, "मी थेट तिकडंच येतो."

काय केलं

गाडी निघायच्या आत तिला स्थिर करायचं होतं. वाढलेल्या बीपीमुळे फिटचे झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेट: ४ ग्रॅम सावकाश शिरेतून, ५-५ ग्रॅम दोन्ही कुल्ल्यांत. एका अँप्युलमध्ये एक ग्रॅम, म्हणजे चौदा अँप्युल फोडायचे. दोन सिस्टर समोरासमोर बसून फोडत होत्या आणि तिसरी मोठ्याने मोजत होती, कारण या औषधात मोजणी चुकली तर श्वास थांबू शकतो. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट भरलेलं इंजेक्शन गाडीत दिलं.

इथे एक खरा पेच होता. प्लेटलेट कमी असताना स्नायूत खोल इंजेक्शन दिलं तर तिथे रक्ताची गाठ होऊ शकते. शिरेतून संथ धार हा त्याला पर्याय, पण त्यासाठी पंप हवा आणि गाडीत पंप नव्हता. उबडखाबड रस्त्यावर हाताने थेंब मोजत पावणेदोन तास काढणं जास्त धोक्याचं वाटलं. ९२ हजारांवर स्नायूतला मार्ग स्वीकारला. आकडा ५० हजारांच्या खाली असता तर स्वीकारला नसता.

बीपीसाठी निफेडिपिनची १० मिलिग्रॅमची गोळी, वीस मिनिटांनी दुसरी. बीपी १४६/९६ वर आलं. याहून खाली नेलं नाही, कारण वारेकडे जाणारा रक्तपुरवठा आधीच ताणलेला होता. अकरा चाळीसला स्टिरॉइडचा पहिला डोस. चिठ्ठीवर प्रत्येक औषधाची वेळ, मॅग्नेशियमचा पुढचा डोस तीन वाजता, आणि बाराव्या आठवड्याच्या रिपोर्टचा फोटो प्रिंट करून जोडला. बरोबर १०८ चे डॉक्टर आणि आमच्या एक सिस्टर. बाराला पाच कमी असताना गाडी निघाली, एक चाळीसला पोचली. वाटेत दर पंधरा मिनिटांनी बीपी, श्वास आणि गुडघ्याची प्रतिक्रिया.

तिथे प्लेटलेट ८४ हजार, एएसटी २१२. तिथल्या तज्ज्ञांनी कळा आणायच्या की सिझर करायचं याचा विचार केला. जुळी आहेत एवढ्या कारणाने सिझर करावंच लागत नाही. पहिलं बाळ डोक्याकडून असेल तर ठरवून केलेल्या सिझरने बाळांना जास्त फायदा होत नाही, असं २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात दिसलं होतं. पण इथे पिशवीचं तोंड बंद होतं, कळा आणायला एखादा दिवस सहज गेला असता आणि प्लेटलेट दर काही तासांनी उतरत होत्या. त्यातच भूलतज्ज्ञांनी एक मुद्दा काढला: कण्यातून भूल द्यायची असेल तर आत्ता. साधारण ७०-८० हजारांच्या खाली गेलं की पूर्ण भूल द्यावी लागते, आणि बीपी वाढलेल्या, सुजलेल्या बाईच्या घशात नळी घालणं अवघड असतं. चालू असलेली ॲस्पिरिन कण्यातल्या भुलेच्या आड येत नाही, हेही तेव्हाच पाहिलं गेलं. संध्याकाळी सहा पन्नासला ऑपरेशन सुरू झालं तेव्हा प्लेटलेट ८१ हजार होत्या.

निष्पत्ती

पहिलं बाळ १९२० ग्रॅम, लगेच रडलं. दुसरं १४८० ग्रॅम, थोडं ढिलं होतं, पिशवी-मास्कने श्वास दिल्यावर सावरलं.

पिशवी आकसेना. ऑक्सिटोसिन दिलं, ट्रॅनेक्झामिक ॲसिड दिलं. नेहमीचं मेथर्जिन बीपी वाढलेल्या बाईला देत नाहीत, म्हणून कार्बोप्रोस्ट. तरी झिरपत होतं, तेव्हा पिशवीला बाहेरून दाबून धरणारा टाका घातला. अंदाजे १३०० मिलिलिटर रक्त गेलं. रक्ताच्या दोन पिशव्या आणि चार युनिट प्लेटलेट दिल्या. रक्त, औषधं, गाडी, कशाचेही पैसे लागले नाहीत. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात ते सगळं बसतं.

बाळंत झाल्यावर हेल्प लगेच मावळत नाही. दुसऱ्या दिवशी प्लेटलेट ५८ हजारांवर गेल्या, तिसऱ्या दिवसापासून चढू लागल्या. मॅग्नेशियम बाळंतपणानंतर चोवीस तास चालू ठेवलं. बीपी पाचव्या दिवशी पुन्हा १५८/१०० झालं. बाळंतिणीचं बीपी तिसऱ्या ते सहाव्या दिवसादरम्यान बऱ्याचदा पुन्हा उसळी घेतं, म्हणूनच तिला तिसऱ्या दिवशी घरी सोडलं नव्हतं. नवव्या दिवशी गोळ्यांवर सोडलं.

मोठ्या बाळाला दोन दिवस सीपॅप (नाकातून दाबाने हवा देणारं यंत्र) लागला, अकराव्या दिवशी ते आईजवळ आलं. धाकटं एकोणीस दिवस नवजात कक्षात होतं. छातीशी धरून ऊब द्यायचं काम आई, आजी आणि रजा काढून आलेला बाप यांनी पाळीपाळीने केलं. बापाला आधी संकोच वाटला, नंतर तो आपली पाळी सोडेना. सहा आठवड्यांनी सविताचं बीपी ११८/७६, गोळ्या बंद. पुढच्या खेपेला बाराव्या आठवड्यापासून ॲस्पिरिन आणि यापुढे दरवर्षी बीपी तपासणी, एवढं तिच्या कार्डावर लिहून दिलं आहे.

वेगळं काय करता आलं असतं

घरच्यांचा पहिला प्रश्न होता, आधीच ॲडमिट करून का घेतलं नाही? जुळ्यांसाठी सरसकट दवाखान्यात झोपवून ठेवल्याने मुदतीआधीची बाळंतपणं टळतात असं दिसलेलं नाही. स्टिरॉइडही 'कधीतरी लागेल' म्हणून आधीच देऊन ठेवत नाहीत. एकतिसाव्या आठवड्यात ॲडमिट न करणं बरोबर होतं.

त्या दिवशीच्या १३०/८६ कडे मात्र वेगळ्या नजरेने बघता आलं असतं. आकडा १४०/९० च्या आत आहे, पण ही बाई १०४/६६ वरून तिथे आली होती, आणि ते १०४/६६ जावेने पाठवलेल्या फोटोंमध्ये होतं. तेव्हा आमचं सगळं लक्ष वारेच्या प्रश्नावर होतं. त्या आठवड्यात प्लेटलेट आणि यकृताची तपासणी करून ठेवली असती तर पुढे तुलनेला आकडा मिळाला असता. उपकेंद्रातलं बीपी आठवड्यातून दोनदाऐवजी दोन आठवड्यांत एकदाच झालं, तिथे आठवण करून देणारी कुठलीही व्यवस्था नव्हती. आता जुळ्यांच्या बायांची वेगळी यादी प्रसूती विभागाच्या भिंतीवर लागते आणि सोमवारी-गुरुवारी सिस्टर उपकेंद्राला फोन करतात.

ॲस्पिरिनच्या बाबतीत चिठ्ठीवर एक ओळ पुरली असती: गरोदरपणातच दिलेली गोळी आहे, डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये. मेडिकलवाल्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला पाकीट दिसलं, कारण दिसलं नाही.

बाळंतपण कुठे होणार हे अठ्ठाविसाव्या आठवड्यात, माहेरी निघायच्या आधी ठरायला हवं होतं. माहेरी जाऊ नका असं सांगून कुणी ऐकत नाही आणि सांगूही नये. आई जवळ असणं ही त्या बाईची गरज असते. पण माहेराहून नवजात कक्ष किती लांब, गाडी कुठली, जायचं कुठे, हे लिहून देता येतं. पुण्याला न्यायचं की नाही यावर त्या सकाळी वीस मिनिटं गेली.

एका मुद्द्यावर आमच्यात आजही एकमत नाही. आमच्या भूलतज्ज्ञांचं म्हणणं, प्लेटलेट ९२ हजार असताना सकाळी अकरालाच इथे सिझर केलं असतं, तर आईला धोका कमी होता आणि बाळं स्थिर करून नंतर पाठवता आली असती. प्रसूती विभागाचं उत्तर, रक्तस्राव झालाच, आणि त्या वेळी लागलेल्या प्लेटलेट इथे मिळाल्या नसत्या. शिवाय दीड किलोचं बाळ आईच्या पोटातून जेवढं सुखरूप जातं तेवढं रुग्णवाहिकेतल्या पेटीतून जात नाही. रक्तसाठवण केंद्रात प्लेटलेट ठेवता येत नाहीत तोवर तरी अशा बाईला आम्ही पाठवतच राहू, पण ५० हजारांच्या आसपास आलेल्या बाईबद्दल भूलतज्ज्ञांचं म्हणणं ऐकावं लागेल, असं लेखी ठरलं आहे.